टायरवरचा तपकिरी डाग

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या सोसायटीच्या आवारात वाहने धुण्याची एकच झुंबड उडते. शाळेच्या मुलांची ने-आण करणारे व्हॅनवाले काकाही त्यात असतात. काचा, दिवे, पत्रा सारे चकचकीत होते, पण टायरशी आले की काका अडतात. टायरच्या बाजूच्या भिंतीवर चहाच्या डागासारखी एक तपकिरी छटा असते. कपडे धुण्याची पावडर झाली, तारेची घासणी झाली, रॉकेलचा बोळाही झाला. तपकिरी फेस गळून जातो, टायर काळाभोर दिसतो, काका त्याला झेंडूचा हार घालतात आणि दिवाळी उलटेपर्यंत छटा पुन्हा हजर! एका वर्षी त्यांनी आम्हाला विचारले, "सर, तुम्ही केमिस्ट्रीवाले. ही कसली घाण आहे हो?" आम्ही क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "रस्त्याची धूळ. तांबडी माती रबरात बसते."

उत्तर साफ चुकीचे होते. दुसऱ्याच दिवशी आमच्या स्वतःच्या स्कूटरकडे पाहताना ते लक्षात आले. स्कूटरला मागे बसवायचे जादा चाक महिनोन्महिने आवरणाखाली असते, त्याचा रस्त्याशी संबंधच येत नाही. आणि तरी ते तपकिरी झाले होते. गंज म्हणावा तर रबराला गंज चढत नाही. म्हणजे रंग बाहेरून बसत नव्हता, आतून येत होता. मग तो आत कोणी घातला, कशासाठी घातला आणि बाहेर येऊन पुढे कुठे जातो, हे शोधू लागलो आणि हा शोध आम्हाला दीडशेहून अधिक वर्षे मागे आणि शेवटी प्रशांत महासागराच्या काठावरच्या एका ओढ्यापर्यंत घेऊन गेला.

एकाच वर्षातले दोन शोध

१८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर या कफल्लक पण चिवट माणसाला कच्चे रबर गंधकाबरोबर तापवले की ते उन्हाळ्यात चिकट होत नाही आणि थंडीत कडक होत नाही असे आढळले. ही 'व्हल्कनायझेशन'ची प्रक्रिया पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याच १८३९ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे क्रिस्टियान शॉनबाइन हा प्राध्यापक पाण्याचे विद्युत-अपघटन करीत असताना त्याला एक उग्र, ओळखीचा वास आला. वीज पडल्यावर येतो तसा. पुढल्या वर्षी त्याने या वासाच्या वायूला ग्रीक भाषेतील 'वास येणे' या अर्थाच्या शब्दावरून 'ओझोन' हे नाव दिले. ओझोन ओळखण्याची त्याची पद्धत आजही शाळेत करता येईल इतकी सोपी आहे: पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च यांच्या द्रावणात बुडवलेला कागद ओझोनच्या संपर्कात निळा होतो.

गुडइयर आणि शॉनबाइन यांना एकमेकांच्या शोधाशी काही देणेघेणे नव्हते. पण टायरचा पुढचा सारा इतिहास या दोन शोधांच्या भांडणाचा इतिहास आहे.

भांडणाचे कारण रबराच्या रेणूतच आहे. नैसर्गिक रबर हे बहुवारिक आहे. ५ कार्बन आणि ८ हायड्रोजन अणूंचा आयसोप्रीन हा घटक हजारो वेळा जोडला जाऊन त्याची लांबच लांब साखळी बनते आणि साखळीतल्या प्रत्येक घटकात एक दुहेरी बंध शिल्लक राहतो. गुडइयरचे गंधक या साखळ्यांना मधूनमधून पूल बांधून एकमेकींशी जोडते. तरीही बहुतेक दुहेरी बंध जसेच्या तसे राहतात, आणि ओझोनला दुहेरी बंध दिसला की तो तेथे साखळी तोडतो. हे इतके अचूकपणे घडते की जर्मन रसायनज्ञ कार्ल डिट्रिख हारिएस याने १९०५ च्या सुमारास ओझोनचा कात्रीसारखा उपयोग करून रबराचे तुकडे पाडले आणि तुकड्यांवरून मूळ रेणूची रचना ताडून पाहिली. आयसोप्रीनचे घटक आणि दुहेरी बंधांच्या जागा त्याने बरोबर ओळखल्या. मात्र रबर म्हणजे आठ कार्बनच्या छोट्या कड्यांचा समूह आहे असा त्याचा समज झाला. लांब साखळीची कल्पना नंतर श्टाउडिंगर याने मांडली. कात्री बरोबर होती, चित्र चुकले. विज्ञानात असे बरेचदा होते.

सांगायचा मुद्दा असा की ओझोन रबर कापतो ही गोष्ट १९०५ साली प्रयोगशाळेत पक्की माहीत होती. आता टायरच्या कारखान्यात काय चालले होते ते पाहू.

पांढरे टायर, काळे टायर

हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन याने १८४५ साली घेतले होते, पण ते विस्मरणात गेले. बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने १८८७ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध पुन्हा लावला. हे सुरुवातीचे टायर काळे नव्हते! रबरात झिंक ऑक्साइडसारखी पांढरी पूड घालीत आणि टायर पांढुरका किंवा फिकट राखाडी दिसे. मिशेलिन कंपनीच्या जाहिरातीतला टायरांच्या वळ्यांचा गुटगुटीत माणूस १८९८ साली जन्मला आणि तो आजतागायत पांढरा आहे, याचे कारण हेच.

१९०४ मध्ये लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथील कारखान्यात एस. सी. मोट याच्या असे लक्षात आले की रबरात काजळी मिसळली तर ते कितीतरी चिवट बनते. पुढल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतील कारखान्यांनी ही गोष्ट उचलली आणि टायर काळे झाले. काजळीचे कण रबराच्या साखळ्यांना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे टायर झिजण्याचे प्रमाण फार घटते. शिवाय काजळी अतिनील किरण शोषून घेते, म्हणजे उन्हापासूनही रबराचा बचाव होतो.

म्हणूनच काळे टायरही तडकतात हे पाहून कारखानदार चक्रावले. टायरच्या बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडत, त्या हळूहळू खोल जात आणि एके दिवशी टायर फाटे. उघड्यावर ठेवलेल्या गाड्यांमध्ये हे अधिक होई, म्हणून त्यांना 'उन्हाच्या भेगा' असे नाव पडले. उपाय म्हणून रबरात मेण घालू लागले. मेण रबरात थोडेच विरघळते. जास्तीचे मेण सावकाश पृष्ठभागाकडे सरकते आणि तेथे पातळ थर करते. उन्हापासून वाचवणारे मेण म्हणूनच ते विकले जाई. गंमत अशी की त्याचा उपयोग होई, पण कारण वेगळे होते. थर ऊन नव्हे, हवा अडवीत होता.

१९२० च्या दशकात काही रसायनज्ञांनी हवेतील ओझोनकडे बोट दाखवले होते. पण जमिनीलगतच्या हवेत ओझोन असतो तरी किती? दहा कोटी भागांत दोन-चार भाग. एवढ्याशा वायूने टायर फाटेल हे बऱ्याच जणांच्या गळी उतरेना. हारिएसची कात्री ठाऊक असलेले रसायनज्ञ विद्यापीठांत होते आणि भेगा पाहणारे लोक कारखान्यांत आणि रस्त्यांवर. दोघांमध्ये भिंत होती.

येथे थोडे थांबून वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. चार सारखे, नवे, फिकट रंगाचे रबरबँड घ्या. दोन लाकडी पट्टीवर दीडपट लांब होतील असे ताणून बसवा, दोन न ताणता ठेवा. एक ताणलेला आणि एक न ताणलेला उघड्यावर, सावलीत पण हवेशीर जागी टांगा. उरलेली जोडी काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून ती उन्हात ठेवा. काही आठवड्यांनी भिंगातून पाहा. उघड्या हवेतील ताणलेल्या रबरबँडवर ताणाच्या दिशेला काटकोनात बारीक भेगा दिसतात. न ताणलेल्यावर दिसत नाहीत, कारण ओझोनने तोडलेल्या रेणूंचा वरवरचा थर तेथे तसाच राहून खालच्या रबराचे रक्षण करतो. ताण असेल तर तुटलेली टोके फाकतात, खालचे ताजे रबर उघडे पडते आणि भेग आत शिरत जाते. बाटलीतला रबरबँड उन्हाने मऊ, चिकट किंवा ठिसूळ होईल, पण तशा काटकोनी खोल भेगा तेथे मिळत नाहीत. बाटलीतला थोडासा ओझोन केव्हाच संपलेला असतो. टायरची बाजूची भिंत दर फेऱ्याला वाकते आणि ताणली जाते, हे ध्यानात घेतले की भेगा तेथेच का पडतात ते मुलांना आपोआप कळते.

धुक्याचा उलगडा आणि सैन्याचे टायर

भिंत पडली ती एका वेगळ्याच प्रकरणाने. १९४३ च्या जुलै महिन्यात लॉस एंजलीस शहरावर असे काही डोळे चुरचुरवणारे धुके उतरले की महायुद्धाच्या त्या दिवसांत लोकांना शत्रूने विषारी वायू सोडल्याची शंका आली. पुढे असे धुके नित्याचे झाले. या शहरातील गाड्यांचे टायर इतर ठिकाणांपेक्षा लवकर तडकतात, हे रबराच्या धंद्यातील लोकांच्याही ध्यानात आले होते. कॅल्टेक या संस्थेत आरी हागन-स्मित नावाचे मूळचे डच रसायनज्ञ अननसाच्या वासातील द्रव्यांवर काम करीत होते. त्यांना धुक्याकडे वळवण्यात आले. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो. आणि हा ओझोन त्यांनी मोजला कशाने? वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्टीने! भेग किती वेळात आणि किती खोल पडते, त्यावरून हवेत ओझोन किती ते ठरे. कारखानदारांना जी डोकेदुखी होती ती हागन-स्मित यांच्या हाती मोजपट्टी बनली. मोटार आपल्याच धुरातून ओझोन निर्माण करते आणि तो तिचेच टायर कापतो, हे एकाच वेळी दोन शास्त्रांना कळले.

त्याच सुमारास अमेरिकेच्या सैन्यापुढे दुसरी अडचण उभी होती. महायुद्धात जपानने मलाया आणि इंडोनेशियाचे मळे ताब्यात घेतल्यामुळे अमेरिकेने कृत्रिम रबराचे मोठमोठे कारखाने उभारले होते. या रबरातही दुहेरी बंध होते आणि साठ्यात उभ्या असलेल्या लष्करी वाहनांचे टायर वापरात न येताच तडकत होते. मेणाचा थर अपुरा पडे. तो स्थिर टायरवर चांगला टिकतो, पण टायर वाकला की तुटतो आणि तुटल्या जागी सगळा ताण एकवटून भेग अधिकच खोल जाते. मिसिसिपी नदीतील बेटावर असलेल्या रॉक आयलंड येथील शस्त्रागाराच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एकामागून एक रसायने रबरात मिसळून पाहण्यात आली. त्यांत पॅरा-फेनिलिनडायअमीन या कुळातील संयुगे उठून दिसली. मेण जे अडवून करीत होते ते ही संयुगे लढून करीत. रबराच्या दुहेरी बंधापर्यंत पोचण्याआधीच ती ओझोनला गाठून त्याच्याशी संयोग पावतात.

या कुळातील एक संयुग पुढे जगभर रूढ झाले. त्याचे पूर्ण नाव लिहायला एक ओळ लागते. धंद्यात त्याला ६पीपीडी म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्याच्या रेणूत १८ कार्बन, २४ हायड्रोजन आणि २ नायट्रोजन अणू असतात. टायरच्या रबरात ते वजनाने साधारण ०.४ ते २ टक्के असते. त्याची हुशारी अशी की ते सगळे एकदम खर्च होत नाही. पृष्ठभागावरचे रेणू ओझोनशी झुंजून संपले की तेथील संहती घटते आणि विसरणाने आतले रेणू बाहेर सरकतात. टायर म्हणजे जणू बलुतेदाराची कणगी. रोजच्या खर्चापुरते दाणे खालच्या भोकातून येत राहतात.

आणि संपलेले रेणू? तेच काकांच्या टायरवरचा तपकिरी डाग.

या कुळाचा मूळ पुरुष पॅरा-फेनिलिनडायअमीन आपल्या ओळखीचा आहे. केसांच्या कलपात आणि बाजारी 'काळ्या मेंदी'त तोच असतो. कालवताना फिकट असलेला कलप हवा आणि पेरॉक्साइड लागताच गडद होतो, कारण या संयुगांचे ऑक्सिडीकरण झाले की रंगीत द्रव्ये बनतात. टायरवर ओझोन तेच करतो. टायर आपले आपण कलप लावून घेतो म्हणा ना! साच्यातून टायर सुटावा म्हणून कारखान्यात फवारलेल्या द्रव्याचा अवशेष आणि मेण यांचाही त्या थरात वाटा असतो, पण तपकिरी रंग मुख्यतः या खर्ची पडलेल्या पहारेकऱ्यांचा. टायर काळे झालेले होते म्हणून हा डाग खपून गेला; जुन्या पांढऱ्या टायरांवर कोणी तो चालवून घेतला नसता. पांढरी पट्टी असलेल्या हौशी टायरांसाठी कारखान्यांना दुहेरी बंध फारसे नसलेले वेगळे रबर वापरावे लागले.

म्हणजे काका वर्षातून एकदा जे घासून काढीत होते तो मळ नव्हता. काम करून झालेले रसायन, न वापरलेले थोडे रसायन आणि मेण असा तो थर होता. साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशाने तो वरवर काढला तर टायरचे फार बिघडत नाही, आतून नवा थर येतो. रॉकेलने मात्र रबर फुगते आणि मेणही धुऊन निघते, ते टाळावे. हे काम हातमोजे घालून करावे, कारण या कुळातील द्रव्यांची काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. कायमचा इलाज विचाराल तर नाही. ज्या दिवशी डाग येणे थांबेल त्या दिवशी कणगी रिकामी झाली असे समजावे.

आमच्या दृष्टीने प्रकरण येथे संपले होते. शत्रू सापडला, इलाज सापडला, डागाचे गूढ उकलले.

ओढ्यातले मासे

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात सिॲटल शहर आहे. तेथील ओढे शहर वाढताना बुजले, घाण झाले. १९९० च्या दशकात लोकांनी पैसा आणि श्रम घालून ते पुन्हा वाहते केले. हेतू हा की कोहो जातीचे सॅमन मासे पुन्हा तेथे यावेत. सॅमन ओढ्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा गोड्या पाण्याकडे परततो. अंडी घालून झाली की तो मरतोच, पण आधी नाही. मासे खरोखर आले. आणि शरद ऋतूतील पहिल्या मोठ्या पावसानंतर ते मरू लागले. गोलगोल फिरत, तोंड वासत, कुशीवर कलंडत काही तासांत प्राण सोडत. मेलेल्या माद्यांची पोटे चिरली तर अंडी जशीच्या तशी भरलेली. लाँगफेलो क्रीक या ओढ्यात काही वर्षी निम्म्याहून कितीतरी अधिक माद्या अशा मेल्या. एका मादीबरोबर हजारो अंडी जातात. असेच होत राहिले तर त्या ओढ्यातला वंश बुडू शकतो.

पाण्याचे तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, रोगजंतू, कीटकनाशके, धातू, तेल, एकेक आरोपी तपासून सोडून द्यावा लागला. रस्त्यावरून वाहून येणारे पावसाचे पाणी मारते एवढे सिद्ध झाले. त्याच पाण्यात चम नावाच्या दुसऱ्या जातीचा सॅमन खुशाल पोहत राही, हे आणखी एक कोडे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील जेनिफर मॅकिंटायर आणि वॉशिंग्टन विद्यापीठातील एडवर्ड कोलोजे यांच्या गटांनी मोटारीशी संबंधित निरनिराळे पदार्थ पाण्यात भिजवून पाहिले. खोबरे किसावे तसा टायर किसून, तो कीस भिजवलेले पाणी माशांना दिले तेव्हा मासे मेले.

आता त्या पाण्यात दोन हजारांहून अधिक रसायने होती. झेन्यू तियान या संशोधकाने पाण्याचे भाग पाडत, प्रत्येक भाग माशांवर तपासत, मारणारा भाग पुन्हा विभागत हे जाळे आवळीत आणले. शेवटी एक पदार्थ उरला. त्याचे सूत्र मिळाले: १८ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन. टायरमध्ये घालतात त्या रसायनांच्या कोणत्याही यादीत हे सूत्र नव्हते. गाडी येथे अडली. मग तियान यांच्या ध्यानात आले की यादीत एक जवळचा नातलग आहे. १८ कार्बन, २४ हायड्रोजन, २ नायट्रोजन. दोन हायड्रोजन गेले आणि दोन ऑक्सिजन आले तर? वाचकांनी वर दिलेले ६पीपीडीचे आकडे पाहावेत. त्यांनी ६पीपीडीवर ओझोन सोडून पाहिला. तोच पदार्थ तयार झाला आणि तो शुद्ध स्वरूपात पाण्यात घालताच कोहो सॅमन त्याच लक्षणांनी मेले. ६पीपीडी-क्विनोन असे नाव दिलेल्या या पदार्थावरील लेख डिसेंबर २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. सिॲटलबरोबरच लॉस एंजलीसच्या रस्त्यांवरील पाण्यातही तो सापडला. रबराची पट्टी वाकवून हागन-स्मित यांनी ओझोन मोजला होता, तेच हे शहर.

किती लागते या विषाला? निम्मे कोहो मरण्यास लागणारे प्रमाण २०२० च्या लेखात दर लिटरला ०.८ मायक्रोग्रॅम असे दिले होते. पुढे शुद्ध नमुना बाजारात मिळू लागल्यावर त्याच गटाने पुन्हा मोजले आणि २०२२ मध्ये आकडा ०.०९५ मायक्रोग्रॅमवर आणला. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या पाण्याच्या टँकरचे माप घेऊ. असे हजार टँकर भरून ठेवले आणि त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम पदार्थ कालवला, तर ते पाणी होते. आणि टायरची झीज किती? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात माणशी दरवर्षी सरासरी ०.८१ किलोग्रॅम टायर रस्त्यावर घासला जातो. त्या कणांचा पृष्ठभाग मोठा, ओझोनला मोकळे रान.

यातली एक गोष्ट आम्हाला रसायनशास्त्राचे विद्यार्थी म्हणून फार टोचली. ६पीपीडी आणि ओझोन यांच्या अभिक्रियेतून काय काय बनते याचा अभ्यास रबर रसायनज्ञांनी १९८० च्या दशकातच केला होता आणि तो त्यांच्या नियतकालिकांत छापलेला होता. त्यांचा प्रश्न होता, हे पदार्थ टायरचे रक्षण करतात का? प्रश्न रास्त होता, उत्तरही नीट काढलेले होते. टायरवरून सुटल्यावर ते कोठे जातात हा प्रश्न त्या खोलीत कोणाचाच नव्हता. माशांच्या मरणाचा शोध घेणारे लोक दुसऱ्या खोलीत बसले होते. १९०५ ते १९५० या काळात जे घडले त्याची ही जवळजवळ नक्कल आहे.

पुढे काय? ६पीपीडी काढून टाका म्हणणे सोपे आहे. टायरच्या भिंती पुन्हा तडकू लागल्या तर महामार्गावर माणसे मरतील. नवे संयुग ओझोनशी रबरापेक्षा लवकर भिडले पाहिजे, बेताच्या वेगाने बाहेर आले पाहिजे, टायर बनवतानाच्या उष्णतेत टिकले पाहिजे, आणि आता त्याचे भग्नावशेषही निरुपद्रवी हवेत. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२३ पासून कारखानदारांना पर्यायांचा अभ्यास सक्तीचा केला. सॅमनवर ज्यांचे जीवन आणि संस्कृती अवलंबून आहे अशा युरोक, पुयालप आणि पोर्ट गँबल स्क्लालम या तीन आदिवासी जमातींनी केलेला अर्ज अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य करून चौकशी हाती घेतली. दरम्यान एक साधा उपाय आधीच सापडला आहे, आणि तो विष कोणते हे कळण्यापूर्वीचा आहे. रस्त्याचे पाणी वाळू आणि कंपोस्ट खत यांच्या थरातून झिरपू दिले की त्यात कोहो जगतात, हे २०१५ मध्येच दाखवले गेले होते.

गेल्या दसऱ्याला आम्ही काकांना गाठून जुने उत्तर मागे घेतले आणि ही सारी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. घासणी बादलीत टाकली आणि आवाराच्या कोपऱ्यातल्या गटाराच्या जाळीकडे पाहिले. तपकिरी फेसाचा ओघळ तिकडेच चालला होता. "सर," ते म्हणाले, "हे पाणी तिकडे जाण्यापेक्षा नारळाच्या आळ्यात सोडलं तर?" आवारातला उतार नेमका उलट्या बाजूला आहे. पुढच्या वर्षी गाडी कुठे उभी करायची यावर आमची बराच वेळ चर्चा झाली.